कोमेनियस गुरुजी

वार्षिक परीक्षा तोंडावर आली म्हणजे वर्गाची अवस्था कशी होते, हें विद्यार्थी जाणतात व आम्ही शिक्षकही जाणतों. पाठ फळ्यावर असतो आणि डोळे खिडकीबाहेर! अशा वेळीं दोष मुलांचा कीं शिकविण्याच्या रीतीचा, या प्रश्नानें योहान आमोस कोमेनियस यांना जन्मभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

त्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजीं मोराव्हिया प्रांतांत झाला. बाळपणींच मातापितरांस अंतरल्यामुळें लॅटिन शाळेंत त्यांचा प्रवेश झाला तो वयाच्या सोळाव्या वर्षीं. हा उशीर त्यांच्या पथ्यावरच पडला, असें मला वाटतें. घोकंपट्टी व छडी यांचे परिणाम त्यांना जाणत्या डोळ्यांनीं पाहतां आले. पुढें ते ब्रदरेन मंडळीचे धर्मोपदेशक झाले. परंतु धर्मयुद्धाचा वणवा पेटला, पत्नी व दोन मुलें सांथीनें हिरावून नेलीं, आणि १६२८ सालीं ते मायभूमीला मुकले ते कायमचेच.

१६३१ सालीं निघालेल्या त्यांच्या लॅटिन पाठ्यपुस्तकांत सुमारें ८,००० शब्द १,००० वाक्यांत गुंफलेले होते. त्यामुळें युरोपभर त्यांची कीर्ति पसरली. १६५० सालीं हंगेरींतील शारोशपताक येथील शाळा सुधारण्यास ते गेले, तों तेथें जिकडे तिकडे मरगळ! शाळांतून आळस कसा घालवावा यावर त्यांनीं एक पुस्तिकाच लिहिली. तींत शिक्षकांच्या आळसासही त्यांनीं सोडलें नाहीं. मग आपल्याच पाठ्यपुस्तकाचीं त्यांनीं आठ नाटकें केलीं. सृष्टींतील पदार्थ, मनुष्याचें शरीर, कारागिरांचे धंदे, शाळा, संसार, राज्यकारभार हे सारे विषय मुलांनींच पात्रें होऊन बोलावयाचे. शाळेंत नाटक कसलें, म्हणून कांहीं सहकाऱ्यांनीं विरोध केला. (पालकहो, हा आक्षेप आपणांस अपरिचित नसावा.) तरीही अखेर १६५४ सालीं प्रयोग झाले. बाकावर बसून जीं वाक्यें घशाखालीं उतरत नव्हतीं, तीं मुलें आतां मोठ्यांसमोर उभीं राहून बोलूं लागलीं.

त्याच वर्षीं गुरुजी पोलंडांत लेश्नो येथें परतले. १६५६ सालीं तें गांव जळालें, व तरुणपणापासून जुळवीत आणलेला चेक भाषेचा कोश हस्तलिखितासह भस्म झाला. चौसष्ट वर्षांचा हा निर्वासित वृद्ध अ‍ॅमस्टरडॅमला गेला. १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें त्यांचें १५० पाठांचें सचित्र पुस्तक छापून निघालें. त्यांत अक्षरओळख प्राण्यांच्या आवाजांवरून करून दिली असून पहिल्याच चित्रांत कावळा ओरडत आहे.

१५ नोव्हेंबर १६७० रोजीं ते निवर्तले. हॉलंडांतील नार्डेन गांवीं त्यांची समाधि आहे.