सोलापूरच्या घरातला मुलगा

जयसिंगपूरहून कृष्णाकाठच्या सैनिक टाकळीला गेले की घराघरांत भिंतीवर गणवेशातली एखादी तसबीर दिसते. कुणाचे आजोबा, कुणाचा थोरला भाऊ. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पलटणीला माणसे दिली. गेलेल्या माणसाची वाट पाहणे काय असते, हे या भागातल्या बायाबापड्यांना कुणी सांगायला नको. म्हणूनच आज आठवण काढावीशी वाटते ती सोलापूरच्या एका घराची. त्या घरातल्या मुलाच्या अंगावर शेवटी सैनिकाचा गणवेश होता खरा, पण तो आपल्या देशाचा नव्हता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढचे शिक्षण घ्यावे, हाताला यश यावे, घराचा भार उचलावा, असा सरळ रस्ता समोर होता. पण १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले आणि काँग्रेसने डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि कोटणीस असे पाच जण १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. बोली सुमारे एका वर्षाची होती.

चीनमध्ये जाऊन फार दिवस झाले नव्हते, तोच वडील गेल्याची बातमी आली. सहकारी म्हणाले, परत जा. कुणीही हेच म्हटले असते. कोटणीस गेले नाहीत. या निर्णयाचे गोडवे आपण सहज गातो. पण सोलापूरच्या त्या घरात त्या दिवशी काय वाटले असेल, याचा विचार फारसा कुणी करत नाही. कर्तव्य आणि घर यांच्या ओढाताणीत घराच्या वाट्याला बहुधा हारच येते.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. पुढे एकेक जण परतू लागला. कोटणीस मात्र उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीवर गेले. चिनी भाषा शिकले, विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवू लागले. जखमींची रीघ लागली की दिवसरात्र शस्त्रक्रिया चालत. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली.

तिथेच क्वो छिंगलान ही परिचारिका त्यांना भेटली. १९४१ च्या अखेरीस लग्न झाले. सासरचे एकही माणूस लग्नाला नाही, आणि सुनेने सोलापूर नकाशावरच पाहिलेले! ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

डॉक्टरांना अपस्माराचे झटके येत होते. विश्रांती घ्या म्हणून सांगणारे होते. पण रुग्णही होते आणि शल्यक्रियेचे पाठ्यपुस्तकही लिहायला घेतले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघे ३२. बाळ साडेतीन महिन्यांचे.

कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतःच डॉक्टरांची भूमिका केली, आणि कोटणीस हे नाव घरोघर पोचले. चित्रपट संपतो तिथे कुटुंबाची गोष्ट संपत नाही. यिनहुआही वडिलांच्या वाटेने वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला आणि १९६७ साली, पंचविशी पुरी होण्याआधीच वारला. नवरा गेला, मुलगा गेला; छिंगलान मागे राहिल्या. त्या भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या. मधे १९६२ चे युद्ध होऊन गेले होते, दोन देशांत अबोला होता. तरी या घराचे नाते तुटले नाही. २०१२ साली, नव्वदी कधीच ओलांडलेल्या छिंगलान यांचे निधन झाले.

सोलापुरातले कोटणीसांचे घर आता स्मारक आहे. चीनचे नेते भारतात येत, तेव्हा मुंबईत डॉक्टरांच्या नातेवाइकांना भेटत. २०१३ मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग आले. त्यांच्यासमोर बसली होती डॉक्टरांची नव्वदी पार केलेली बहीण. भाऊ बोटीवर चढला, तेव्हा ती विशीच्याही आतली होती.