रक्त न सांडणारी तलवार

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट 1977 साली आला आणि त्यातल्या प्रकाशाच्या तलवारीने जगभरच्या मुलांना वेड लावले. मूठ दाबली की झुंऽऽ आवाज करत हातभर लांबीचे झळाळते पाते बाहेर येते आणि लोखंडी दारसुद्धा लोण्यासारखे कापते. या तलवारीच्या जखमेतून सहसा रक्त येत नाही, हे माझ्यासारख्या डॉक्टरच्या नजरेतून सुटत नाही. पहिल्या चित्रपटात एका प्रसंगी जमिनीवर रक्त दिसते, पण पुढच्या भागांत पाते कापता कापताच जखम भाजून बंद करते, असे दाखवलेले आहे.

अशी तलवार खरोखर बनेल का? ते पाते लेझरचे मानले, तर अडचण अशी की प्रकाश हातभर अंतर जाऊन थांबत नाही. शिवाय प्रकाशाचे दोन झोत एकमेकांतून आरपार जातात, मग तलवारीला तलवार भिडणार कशी? त्यापेक्षा प्लाझ्माची कल्पना बरी. वायू इतका तापवायचा की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो प्लाझ्मा. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटरने पोलादी पत्रे रोज कापले जातात. पण त्या झोताला तलवारीचा आकार द्यायचा, तर त्याला चुंबकीय क्षेत्रात कोंडावे लागेल, आणि एवढी ऊर्जा पुरवणारी बॅटरी मुठीत मावणार नाही. थोडक्यात, युद्धासाठी ही तलवार सध्या तरी अशक्य आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र तिची धाकटी बहीण गेली जवळजवळ शंभर वर्षे काम करते आहे. आम्ही तिला ‘कॉटरी’ म्हणतो. ती आज घराघरातल्या माणसांच्या शस्त्रक्रियेत वापरली जाते, याचे मोठे श्रेय हार्वी कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाला जाते.

कुशिंग यांचा जन्म 8 एप्रिल 1869 रोजी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात झाला. घराण्यात डॉक्टरकी पिढीजात होती. येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तिथे विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर एक प्रसंग ओढवला. ते ईथरची भूल देत असताना टेबलावरचा रुग्ण दगावला. शिक्षण सोडून द्यावे, असे त्या तरुणाच्या मनात येऊन गेले. पण त्याने दुसरा मार्ग धरला. अर्नेस्ट कॉडमन या सहाध्यायीबरोबर त्याने भूल देताना रुग्णाची नाडी आणि श्वास यांची नोंद ठेवणारा तक्ता तयार केला. पुढे 1901 मध्ये इटलीतून रक्तदाब मोजण्याचे साधन आणून कुशिंग यांनी त्याचा आकडाही या नोंदींत घेतला. आज भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या वेळी जो तक्ता भरतात, त्याचे मूळ या एका मृत्यूत आहे.

त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली ते ऊतींना हळुवारपणे हाताळण्याची शिस्त शिकले. मग त्यांनी मेंदूची शस्त्रक्रिया हेच आयुष्याचे काम मानले. त्या काळी डोक्याची कवटी उघडणे म्हणजे रुग्णाची आशा सोडण्यासारखेच होते. जंतुसंसर्ग होताच, पण मोठा शत्रू होता रक्तस्राव. हातापायाच्या रक्तवाहिनीला चिमटा लावून दोऱ्याने गाठ मारता येते. मेंदूतल्या वाहिन्या नाजूक आणि खोलवर असतात, आणि काही गाठी तर रक्ताने भरलेल्या स्पंजसारख्या असतात. कुशिंग यांनी 1911 मध्ये चांदीच्या बारीक क्लिपा वापरायला सुरुवात केली, कापसाचे बोळे आणि स्नायूचे तुकडे दाबून धरले. तरीही कितीतरी रुग्णांची कवटी उघडून, गाठ डोळ्यांनी पाहून, ती तशीच ठेवून परत बंद करावी लागत असे.

1926 हे वर्ष त्यांच्यासाठी विलक्षण होते. गुरुतुल्य विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. सकाळी ही बातमी कळल्यावरही त्यांनी ठरलेली शस्त्रक्रिया पूर्ण केली आणि मगच सहकाऱ्यांना सांगितले.

त्याच शरद ऋतूत विल्यम बोव्ही हा माणूस त्यांच्या आयुष्यात आला. बोव्ही शल्यविशारद नव्हते. वनस्पतींच्या शरीरक्रियेवर डॉक्टरेट केलेले हे संशोधक हार्वर्डमध्ये कर्करोगासाठी विद्युत उपकरणे बनवत. त्यांच्या यंत्राचे तत्त्व असे: आपल्या घरातली वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते. तिचा धक्का बसतो, कारण या वेगाला नसा आणि स्नायू प्रतिसाद देतात. पण दिशा सेकंदाला काही लाख वेळा बदलू लागली, की नसांना तो बदल जाणवतच नाही. वीज शरीरातून जाते, धक्का बसत नाही, फक्त उष्णता तयार होते. सुईसारख्या टोकापाशी हा प्रवाह एकवटतो, म्हणून तिथे उष्णता प्रचंड. तोच प्रवाह मांडीखालच्या रुंद पट्टीतून पसरून बाहेर पडतो, म्हणून तिथे भाजत नाही.

लोखंड लाल करून डागण्याची रीत फार जुनी. सुश्रुतसंहितेतही अग्निकर्म आहे. पण तिथे हत्यार तापलेले असते. इथे उष्णता ऊतीच्या आत तयार होते. प्रवाह अखंड ठेवला की पेशीतले पाणी क्षणात उकळून वाफ होते आणि ऊती कापली जाते. तुटक तुटक ठेवला की प्रथिने अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि रक्त थांबते. असे प्रवाह त्वचेच्या किरकोळ गाठींवर काही डॉक्टर आधीपासून वापरत होते, पण मेंदूजवळ ते नेण्याचे धाडस मोठे होते.

बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात कवटीच्या एका गाठीची शस्त्रक्रिया कुशिंग यांना रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागली होती. 1 ऑक्टोबर 1926 रोजी तोच रुग्ण पुन्हा टेबलावर होता आणि या वेळी बोव्ही आपले यंत्र घेऊन हजर होते. वातावरण तंग होते. रक्त द्यायला बसवलेला विद्यार्थीच चक्कर येऊन पडला. पण वायरच्या वेटोळ्याने गाठीचे तुकडे काढता आले आणि रक्तस्राव आटोक्यात राहिला. कुशिंग यांनी मग पूर्वी हात टेकून परत पाठवलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावायला सुरुवात केली. 1928 मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले.

सगळे सुरळीत नव्हते. एकदा ठिणगीने ईथरच्या वाफेने पेट घेतला. एकदा धातूच्या उपकरणातून वीज खुद्द कुशिंग यांच्या हातात शिरली. 1927 मध्ये जनरल लिओनार्ड वुड त्यांच्याकडे आले. 1910 मध्ये कुशिंग यांनीच त्यांची मेंदूवरची गाठ काढली होती आणि त्यानंतर वुड फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले होते. गाठ परत वाढली होती. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. हा मृत्यू कुशिंग यांना फार लागला. हत्यार कितीही नवे असले, तरी मेंदू तोच होता.

1931 पर्यंत त्यांनी मेंदूतल्या दोन हजार गाठींवर शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आणले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या ज्या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 7 ऑक्टोबर 1939 रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक छोटी गाठ सापडली. बोव्ही यांनी आपल्या यंत्राचे पेटंट एका डॉलरला विकले होते. त्यांना पैसा मिळाला नाही, पण अमेरिकेतल्या थिएटरांत आजही कॉटरीला ‘बोव्ही’ म्हणतात.

आज एंडोस्कोपीतून आरगॉन वायूचा निळसर प्लाझ्मा सोडून आतड्यातला रक्तस्राव थांबवता येतो. चित्रपटातल्या तलवारीच्या सर्वांत जवळ जाणारे हे हत्यार काही मिलिमीटर लांब आहे, आणि ते जीव वाचवते.

आपल्यावर शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. हृदयात पेसमेकर किंवा शरीरात धातूचा रॉड, प्लेट असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण वीज कुठून जाणार हे त्यावर ठरते. आणि अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी काढायला सांगितली तर रागावू नका. आम्हीही कातडीवर लावलेले स्पिरिटचे औषध पूर्ण वाळेपर्यंत कॉटरी हातात न घेण्याची शिस्त पाळतो. कुशिंग यांच्या थिएटरात पेटलेल्या त्या ज्वाळेने शिकवलेला हा धडा आहे. तो विसरलो, तर किंमत टेबलावरच्या माणसाला मोजावी लागते.