अहमदनगरच्या किल्ल्यातले महाराज

इतिहासाच्या तासाला राजर्षी शाहूंचे दत्तकविधान चालले होते. त्यांच्या आधीचे महाराज वेडे होते, एवढे एकच वाक्य सांगून सर पुढे गेले. मी मात्र तेथेच अडलो, कारण आमचा दादा.

चौथे शिवाजी महाराज ५ एप्रिल १८६३ रोजी जन्मले. मूळ नाव नारायणराव. राजाराम महाराज १८७० साली इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले आणि पुढल्या वर्षी हा आठ वर्षांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. काही वर्षांतच त्यांना वेड लागल्याचे सरकारने ठरविले. लोकांचा त्यावर विश्वास नव्हता. कारभारी बर्वे यांच्याकडून महाराजांचा छळ होतो असा बोभाटा झाला. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी महाराजांची बाजू घेतली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. तुरुंगवासामुळे ते दोघे सर्वांच्या लक्षात राहिले. महाराज राहिले नाहीत.

त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. तेथे औषध असे नव्हतेच, होता तो पहारा. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली, प्लीहा फुटली आणि महाराज गेले. वय अवघे वीस!

दादा लिथियमच्या गोळ्या घेतो. हा धातू १८१७ मध्येच सापडला होता. महाराजांच्या हयातीत युरोपातले डॉक्टर त्याचे क्षार सांधे सुजण्याच्या विकारावर देत. उन्मादावर त्यांचा गुण येतो हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी दहा रुग्णांना देऊन १९४९ साली प्रसिद्ध केले, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर ६६ वर्षांनी. महाराजांना नेमका कोणता विकार होता, की नव्हताच, हे आज कोणी सांगू शकणार नाही, आणि लिथियम काही प्रत्येक वेडावरचा उतारा नव्हे. मात्रा थोडी चढली तरी विषबाधा होते, म्हणून दादाचे रक्त वरचेवर तपासावे लागते.

हात कापतात, सारखी तहान लागते, म्हणून गेल्या दिवाळीत त्याने गोळ्या परस्पर बंद केल्या. महिन्याभरात रात्ररात्र जागून तो बोलू लागला. तेव्हा आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला माडीवर कोंडून बाहेरून कडी घातली. चौथ्या दिवशी आईने ती काढली आणि त्याला डॉक्टरांकडे नेले.

महाराजांची हकिकत मी दादाला सांगितली. त्याने एवढेच विचारले, त्यांच्याजवळ घरचे कोणी होते का?