जपानचे थोर शिक्षक युकिची फुकुझावा

इंग्रजी शब्द पाठ करतांना आणि त्या भाषेच्या व्याकरणाचे नियम घोकतांना आपणांपैकीं पुष्कळांचा उत्साह मावळतो. अशा वेळीं, आधीं एक परकी भाषा मोठ्या कष्टानें शिकून, ती अपुरी ठरल्याचें दिसतांच दुसरी भाषा पुन्हां पहिल्या अक्षरापासून शिकूं लागणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें. हे पुरुष म्हणजे जपानचे थोर शिक्षक व ग्रंथकार युकिची फुकुझावा होत.

त्यांचा जन्म ता. १० जानेवारी १८३५ रोजीं ओसाका शहरीं झाला. वडील नाकात्सु संस्थानच्या पदरीं कनिष्ठ दर्जाचे सामुराई होते. चिनी विद्येचा त्यांस मोठा व्यासंग. परंतु त्या काळीं जपानांत मनुष्याची पायरी जन्मावरून ठरे, त्यामुळें विद्वान असूनहि त्यांस वर चढण्यास वाव मिळाला नाहीं. युकिची सुमारें दीड वर्षाचे असतांना वडील वारले. आई पांच मुलांस घेऊन क्यूशू बेटावरील नाकात्सु येथें परत आली. घरच्या गरिबीमुळें युकिचींच्या नियमित अभ्यासास आरंभ होण्यास चौदावें-पंधरावें वर्ष उजाडलें.

दोन शतकांहून अधिक काळ जपाननें पाश्चात्यांस आपलीं दारें बंद ठेविलीं होतीं. केवळ डच व्यापाऱ्यांस नागासाकी बंदरांतील देजिमा नांवाच्या चिमुकल्या बेटावर राहण्याची मुभा होती. त्यामुळें पाश्चात्य वैद्यक व शास्त्रें शिकावयाचीं तर डच भाषेवांचून गति नसे. १८५३ सालीं अमेरिकेचें आरमार जपानच्या किनाऱ्यावर आलें आणि सर्व देश खडबडून जागा झाला. पुढच्या वर्षीं युकिची डच शिकण्यासाठीं नागासाकीस गेले व १८५५ सालीं ओसाका येथें ओगाता कोआन या नामांकित वैद्यांच्या शाळेंत दाखल झाले.

इतक्यांत १८५६ सालीं त्यांचे वडील बंधु वारले. घराण्याचा भार युकिचींवर आला. डोक्यावर ४० ऱ्योंचें कर्ज होतें. आतां यानें गांवींच राहून चाकरी करावी, असें सर्व आप्तांचें मत पडलें. एकट्या आईनें त्यांस ओसाकास परत जाण्याची परवानगी दिली. वडिलांचा ग्रंथसंग्रह व घरांतील चीजवस्तु विकून कर्ज फेडलें, आणि ती माउली लहानग्या नातीसह मागें राहिली. मुलाच्या विद्येसाठीं आईबापें काय सोसतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून ध्यानांत घ्यावें.

शाळेंत डच भाषेचा मोठा कोश एकच होता. परीक्षेच्या आदल्या रात्रीं विद्यार्थी त्याच्या भोंवतीं गोळा होत. पुस्तकें विकत मिळत नसत. तीं हातानें उतरून घ्यावीं लागत. युकिची वाचतां वाचतां मेजावरच झोंपीं जात. एकदां आजारी पडल्यावर त्यांनीं उशी शोधली, तेव्हां वर्षभरांत आपण उशीवर डोकें टेकून कधीं निजलोंच नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. अशा परिश्रमानें ते शाळेचे मुख्य विद्यार्थी झाले.

१८५८ सालीं संस्थानच्या आज्ञेवरून ते एडो, म्हणजे आजचें टोकिओ, येथें डच शिकविण्यास गेले. पुढच्याच वर्षीं योकोहामा बंदर परकीयांस खुलें झालें. तें पाहण्यास ते पायीं गेले. पण तेथें दुकानांवरील पाट्या वाचतां येईनात, बाटल्यांवरील चिठ्ठ्या उमगेनात, कोणाचें बोलणेंहि कळेना. एका जर्मन दुकानदारास मात्र कागदावर लिहिलेलें डच कसेंबसें समजलें. येथें चालते ती भाषा इंग्रजी असावी, हें त्यांनीं ओळखलें. रात्रंदिवस चालून ते परतले, तेव्हां पायांच्या थकव्यापेक्षां मनाची निराशा अधिक होती. ज्या विद्येसाठीं इतकीं वर्षें वेंचलीं, ती व्यर्थ गेली असें त्यांस वाटलें.

तरीहि दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं इंग्रजी शिकण्याचा निश्चय केला. मुराता झोरोकु या विद्वान स्नेह्यास त्यांनीं सोबतीस बोलाविलें. परंतु इंग्रजींतील चांगल्या ग्रंथांचीं डच भाषांतरें होतीलच, तीं वाचलीं म्हणजे झालें, असें म्हणून त्यानें नकार दिला. मोरियामा नांवाच्या सरकारी दुभाष्याकडे ते दूरवर चालत जात. पण त्या गृहस्थांस कामाच्या गर्दीमुळें सवड मिळेना. शेवटीं संस्थानाकडून एक डच-इंग्रजी कोश मिळवून ते घरींच अभ्यास करूं लागले. उच्चार समजावे म्हणून नागासाकीहून आलेल्या एका मुलास, तसेंच तुफानांत सांपडून परदेशीं राहून आलेल्या खलाशांस ते विचारीत. विद्वान म्हणून नांव झालेल्या गृहस्थानें मुलापाशीं धडा घ्यावा, यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

जपानी मनुष्यास इंग्रजी किती अवघड, हें मराठी विद्यार्थ्यास सहज उमजेल. जपानी वाक्यांत आपल्याप्रमाणेंच क्रियापद शेवटीं येतें, तर इंग्रजींत तें कर्त्यामागोमाग येतें. नामापूर्वीं लागणारीं इंग्रजी उपपदें दोन्ही भाषांत नाहींत. जपानींत अनेकवचनासाठीं बहुधा नामाचें रूप बदलत नाहीं. शिवाय र आणि ल हे भिन्न वर्ण नाहींत, ही अडचण आपणांस नाहीं. परंतु अभ्यास वाढला तसें फुकुझावांस दिसून आलें कीं, डच व इंग्रजी या सख्ख्या बहिणीच आहेत. एकीचें व्याकरण जाणणाऱ्यास दुसरीचें सहज कळूं लागतें. पूर्वीचे कष्ट पाण्यांत गेले नव्हते.

१८६० सालीं कान्रिन मारु या जहाजाच्या प्रमुख अधिकाऱ्याचे सेवक होऊन ते अमेरिकेस गेले. सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं वेब्स्टरचा इंग्रजी कोश विकत घेतला, तसाच एक चिनी-इंग्रजी शब्दसंग्रहहि आणला. त्याला जपानी उच्चार व अर्थ जोडून त्याच वर्षीं त्यांनीं आपलें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें. जपानी लिपींत इंग्रजी व्ही या वर्णासाठीं अक्षर नव्हतें. म्हणून उ या अक्षरास दोन लहान रेघा जोडून त्यांनीं नवें चिन्ह योजिलें. तें जपानींत आजहि वापरतात. स्पर्धा या अर्थाचा शब्दहि त्यांनीं भाषांतर करतांना नवा घडविला. त्यांत भांडणाचें चिनी अक्षर आल्यानें एका सरकारी अधिकाऱ्यास तो रुचला नाहीं. पण शब्द मात्र टिकला.

एडो येथील त्यांच्या शाळेस १८६८ सालीं केइओ गिजुकु हें नांव मिळालें. त्या वर्षीं देशांत यादवी माजली. जुलै महिन्यांत शहरांतील उएनो येथें तोफा धडाडत असतां फुकुझावा वेलंड या अमेरिकन लेखकाच्या अर्थशास्त्रावर नेहमीप्रमाणें पाठ देत होते. त्या धामधुमींत विद्यार्थी अवघे १८ उरले होते. पण पाठ थांबला नाहीं. तीच शाळा पुढें मोठें विद्यापीठ झाली. १८७२ सालापासून प्रसिद्ध झालेल्या विद्याप्रशंसेच्या पुस्तिकांतून त्यांनीं सांगितलें कीं, मनुष्य जन्मानें उच्च वा नीच नसतो. विद्येनेंच त्याची योग्यता वाढते. वडिलांस जें दुःख सोसावें लागलें, त्याचें हेंच उत्तर होतें.

शेजारच्या चीन व कोरिया या देशांविषयीं त्यांच्या वृत्तपत्रांतून आलेलीं कठोर मतें आम्हांस पटत नाहींत. तथापि त्यामुळें त्यांच्या विद्याप्रेमास उणेपणा येत नाहीं. ता. ३ फेब्रुवारी १९०१ रोजीं ते निवर्तले. १९८४ पासून २०२४ सालीं नवी नोट निघेपर्यंत जपानच्या १०,००० येनांच्या नोटेवर त्यांचेंच चित्र छापलें जात असे.

आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस आज कोशांची वा शिक्षकांची वाण नाहीं. एखादा धडा चुकला, किंवा एखादा विषय मुळापासून पुन्हां शिकण्याची पाळी आली, तर योकोहामाहून निराश होऊन चालत परतलेल्या त्या तरुणास आठवावें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुस्तक उघडावें.