कापरेकर सर, ६१७४ आणि चिठ्ठ्यांचा संगणक

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवत होते. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर शिक्षण मात्र झालं नाही. त्यामुळे अनेक गणितज्ञ त्यांचं काम म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ समजून हसायचे. सर आपले पुस्तिका छापत राहिले.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच केलं की ८३५२, मग ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च! चारही अंक सारखे नसले की कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. (वजाबाकी ९९९ आली तर ०९९९ धरायची.)

आता हे वर्गात असं करून बघा. एक मूल उतरता क्रम लावेल, दुसरं चढता. दोघांच्या चिठ्ठ्या हाती आल्या की तिसऱ्याने वजाबाकी करायची. "आता तू कर" असं कुणी सांगायचं नाही. शेजारचा गट दुसरी संख्या घेईल, तो यांच्यासाठी थांबणार नाही.

नेहमीचा संगणक सूचना एकामागून एक पाळतो. हवामानासारखी अवाढव्य गणितं वेगाने व्हावीत म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत जॅक डेनिस यांनी वेगळ्या रचनेचा आराखडा मांडला: लागणारी माहिती पोहोचली की ती क्रिया आपोआप सुरू. यालाच डेटाफ्लो म्हणतात. अडचणही वर्गात लगेच दिसेल. एका तिसऱ्या मुलाकडे दोन गटांच्या चिठ्ठ्या आल्या तर जोड्या कशा लावणार? प्रत्येक चिठ्ठीवर मूळ संख्या लिहावी लागते, आणि जोड्या शोधण्यात वेळ जातो. त्या यंत्रांनाही हेच जड गेलं.

सरांनी संगणक बनवला नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. त्यांचं सगळं कागद-पेन्सिलीवर. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या घ्यायचे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळालीचे सर कळले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.