खंबाटकीपलीकडची कवयित्री

वाईच्या गणपती घाटावर संध्याकाळच्या वेळी बसले की कृष्णेच्या संथ पाण्याबरोबर या गावाचा इतिहासही डोळ्यांपुढून सरकत जातो. रास्त्यांनी बांधलेली देवळे, दगडी पायऱ्या, वेदपाठशाळा, पुढे प्राज्ञपाठशाळा आणि त्याही पुढे विश्वकोशाचे कार्यालय. दक्षिण काशी म्हणवून घेण्याइतकी विद्या या गावाने सांभाळली, याचा आम्हा वाईकरांना सार्थ अभिमान आहे. परंतु दोनशे वर्षांपूर्वी या साऱ्या विद्येच्या उंबऱ्याबाहेर कोण उभे होते, हा प्रश्न त्या अभिमानाला जरासा टोचतो. बहुजनांची मुले बाहेर होती आणि मुली तर कोणत्याच घरातल्या आत नव्हत्या.

याच काळात, इथून एसटीने तासाभराच्या अंतरावर, सुरूर फाटा ओलांडून खंबाटकीचा घाट उतरला की खंडाळ्यापुढे शिरवळजवळ जे नायगाव लागते, तिथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी एक मुलगी जन्मली. तिचे नाव आज महाराष्ट्रातल्या लहान पोराला विचारले तरी सांगता येईल. सावित्रीबाई फुले. पहिल्या शिक्षिका, मुख्याध्यापिका, जोतीरावांच्या सहचारिणी. तिचे चित्र शाळाशाळांत आहे, २०१४ पासून पुणे विद्यापीठाला तिचे नाव आहे, जन्मदिवशी नायगावला मोठी गर्दी लोटते. पण त्या गर्दीतल्या किती जणांना सावित्रीबाईंची एक तरी कविता पाठ असेल? मला स्वतःला निवृत्तीचे वय होईपर्यंत एकही येत नव्हती, हे आधी कबूल केलेले बरे.

सावित्रीबाई कवयित्री होत्या. हौसेखातर चार ओळी जुळवणाऱ्या नव्हे, तर वयाच्या तेविसाव्या वर्षी आपला काव्यसंग्रह छापून काढणाऱ्या. या ‘काव्यफुले’ संग्रहाचे वर्ष १८५४. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते, ती आली १८५७ साली. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून आपण ज्यांच्यापुढे हात जोडतो ते केशवसुत जन्मले १८६६ साली. म्हणजे केशवसुतांच्या जन्माआधी बारा वर्षे नायगावच्या पाटलाची लेक एक्केचाळीस कविता छापून मोकळी झाली होती.

या मुलीच्या हाती अक्षर आले कसे, ती हकीकतही ऐकण्यासारखी आहे. लहानपणी शिरवळच्या बाजारात कुणा मिशनऱ्याने तिला एक पुस्तक दिले. वडिलांनी ते रागाने बाहेर भिरकावले, तिने ते गुपचूप उचलून लपवून ठेवले आणि लग्नानंतर सासरी नेले, असे सांगतात. १८४० साली लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची आणि जोतीराव तेरा वर्षांचे. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, तेव्हा माहेर आणि सासर दोन्ही आपल्या सातारच्या मातीतले. जोतीरावांनी तिला घरी शिकवले. पुढे नगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांच्याकडे तिने अध्यापनाचे धडे घेतले. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. आरंभी मुली होत्या सहा.

शेणामातीचे गोळे अंगावर झेलत ही बाई शाळेत जाई आणि तिथे गेल्यावर दुसरे लुगडे नेसून शिकवायला उभी राही, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. १८४९ साली सासऱ्यांनी घर सोडायला सांगितले तेव्हा उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला आणि त्या घरची फातिमा शेख सावित्रीबाईंची सोबतीण झाली. १८५१ साली एक शाळा रास्ता पेठेत उघडली. ज्या रास्त्यांच्या नावाने ती पेठ वसली, त्यांनीच आमच्या वाईचे घाट बांधले. आमच्या घाटावर जे घडले नाही ते त्यांच्या पेठेत घडले, एवढेच मनाशी म्हणायचे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. त्यानंतर दोन वर्षांनी ‘काव्यफुले’ आले.

आता ही कविता कशी आहे? खरे सांगायचे तर संग्रहातल्या साऱ्या रचना कवितेच्या कसोटीला उतरत नाहीत. काही सरळसरळ पाठ आहेत. वर्गात मुलांपुढे म्हणायला रचलेल्या. इंग्रजी शिका, अज्ञान घालवा, आळस सोडा, असा उपदेश त्यांत आहे. समीक्षकाने नाक मुरडावे असे बरेच काही तिथे सापडेल. पण त्याच पुस्तकात पिवळा चाफा आहे, जाईचे फूल आहे, गुलाब आहे, फुलपाखरू आणि कळी आहे. ‘माझी जन्मभूमी’ या कवितेत गावाची ओढ आहे. देवाला मूल मागत नवस बोलणाऱ्यांची थट्टा करणारी ‘नवस’ नावाची कविता आहे, आणि ती लिहिणाऱ्या बाईला स्वतःला मूल नव्हते, हे लक्षात घेतले की त्या थट्टेमागचे धैर्य कळते. लग्नाला चौदा वर्षे झालेल्या बाईला त्या काळी घरीदारी काय ऐकावे लागत असेल? तिने त्यावर रडगाणे लिहिले नाही. दगडालाच प्रश्न विचारला. शिवाजी महाराजांवर कविता आहे तशी ताराबाईंवरही आहे. छत्रपतींच्या गादीसाठी लढलेल्या राणीची आठवण १८५४ साली एका स्त्रीने कवितेत जागवावी, ही गोष्ट सातारच्या माणसाने तरी विसरू नये.

आणि तिच्या हातचे मला सर्वांत थोर वाटणारे काम म्हणाल तर तिच्या शाळेतली मुलगी. मुक्ता साळवे. मांग समाजातल्या या विद्यार्थिनीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. गुरूचा संग्रह आला त्याच्या पुढच्याच वर्षी शिष्येचा निबंध. लिहिण्याची परंपरा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

सावित्रीबाईंच्या कवितेइतकीच, माझ्या मते कवितेहूनही अधिक, त्यांची लेखणी दिसते ती जोतीरावांना लिहिलेल्या तीन पत्रांत. त्यांतली दोन नायगावहून लिहिलेली आहेत. पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे. आजारपणामुळे त्या माहेरी विश्रांतीला आल्या होत्या. भावाने सुनावले की तुम्ही नवरा-बायको महारामांगांसाठी जे करता त्याने कुळाला बट्टा लागतो. सावित्रीबाईंनी त्याला उत्तर दिले. शेळ्या-गाई तू जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी नागालाही दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ तुला का होतो, असा त्यांचा सवाल होता. भावाशी झालेले हे भांडण त्या नवऱ्याला कळवतात, पण त्यात माहेरची चहाडी नाही. भाऊ चांगला आहे, त्याची समजूत कोती ठेवली गेली आहे, हे त्यांना दिसते. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला ठाऊक असते की विरोधकाचे चांगुलपण दिसणे ही लेखकाची पहिली परीक्षा असते.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावचे. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले. मुलीला दिवस गेले. गावकरी दोघांना मारहाण करीत निघाले होते, जिवेच मारणार होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि त्या दोघांना गर्दीच्या हातून सोडवले. मग त्यांना पुण्याला जोतीरावांकडे धाडून दिले. सारा प्रसंग पत्रात मोजक्या शब्दांत येतो. आपण केले त्याची फुशारकी नाही. खंबाटकीच्या पायथ्याच्या एका खेड्यात, दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, एक बाई जमावापुढे एकटी उभी राहिली, हे आजची वर्तमानपत्रे वाचताना मला वारंवार आठवते. जाती ओलांडून लग्न करणाऱ्या मुलामुलींच्या जिवावर घरचेच उठल्याच्या बातम्या आपल्याकडे अजून थांबलेल्या नाहीत.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरहून. दुष्काळाने माणसे झाडपाला खात होती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते अन्नाची सोय करीत होते आणि सावकारांच्या चिथावणीने त्यांनाच अटक झाली. सावित्रीबाई थेट कलेक्टरला भेटल्या आणि माणसे सोडवून घेतली. ही तीन पत्रे एका बैठकीत वाचून होतात. पण त्यांत एकोणिसाव्या शतकातले खेडे एका बाईच्या नजरेने जसे दिसते तसे मला त्या काळच्या दुसऱ्या मराठी लिखाणात आढळलेले नाही.

बँकेच्या नोकरीत उमेद गेली ती नोटा मोजण्यात, त्यामुळे देशोदेशींच्या नोटांवरची चित्रे पाहण्याची खोड लागली. त्यात एकदा एस्टोनियाची शंभर क्रूनची नोट पाहण्यात आली. तिच्यावर लिडिया कोइदुला या कवयित्रीचे चित्र होते. युरोचे चलन येईपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, ती नोट चालत असे. बाल्टिक समुद्राकाठचा हा देश लोकसंख्येने आपल्या सातारा जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. कोइदुलाचा जन्म १८४३ चा, म्हणजे ती सावित्रीबाईंहून बारा वर्षांनी धाकटी. तिचा पहिला संग्रह १८६६ साली नावाविना निघाला आणि त्याचे नाव होते ‘कुरणातली फुले’. इकडे काव्यफुले, तिकडे कुरणातली फुले. दोघींच्याही देशावर परक्यांचे राज्य. पण पुढे दोघींच्या वाटा फुटल्या. सोव्हिएत अमलात एस्टोनियाच्या राष्ट्रगीताला बंदी आली तेव्हा कोइदुलाची कविता नव्या चालीवर हजारो कंठांनी गाइली आणि तीच राष्ट्रगीताच्या जागी बसली. एवढ्याशा देशाने आपली कवयित्री तोंडी ठेवली. आम्ही आमच्या कवयित्रीला चौकटीत ठेवले.

असे का झाले असावे? एक कारण तर उघड आहे. साहित्याचा इतिहास लिहिणारे, पाठ्यपुस्तके रचणारे, मासिके चालवणारे पुष्कळ काळ एकाच वर्तुळातले होते आणि फुले दांपत्याची भाषा त्यांच्या कानाला बोचणारी होती. दुसरे कारण सावित्रीबाईंच्याच स्वभावात आहे. त्यांनी स्वतःला नेहमी जोतीरावांच्या मागे ठेवले. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे हाती धरून पुढे चालणाऱ्या सावित्रीबाई पुढे ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ लिहितात, तेही जोतीरावांचेच चरित्र पद्यात मांडण्यासाठी. त्यांनी आपल्याविषयी फार बोलू नये आणि आपण ते अक्षरशः खरे मानावे, असा हा मामला झाला. त्यांचे लेखन डॉ. मा. गो. माळी यांच्या संपादनाखाली समग्र वाङ्मय म्हणून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले ते १९८८ साली. ‘काव्यफुले’पासून मोजले तर एकशे चौतीस वर्षांनी.

मधल्या काळात वाट मात्र थांबली नव्हती. ‘काव्यफुले’नंतर सात वर्षांनी सांगलीकडच्या आष्ट्याला काशीबाई कानिटकर जन्मल्या आणि त्यांनी मराठीत कादंबऱ्या लिहिल्या. आणखी सात वर्षांनी लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’नी मराठी गद्याला नवे पाणी दिले. शाळेत न जाता घरीच अक्षर ओळखायला शिकलेल्या या बाया. पहिले पाऊल कुणी टाकले होते ते त्यांना कितपत ठाऊक होते, कोण जाणे. पण पायवाट तीच.

शेवट सर्वांना माहीत आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. दत्तक मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरकडे माळावर दवाखाना उघडला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोग्यांना तिथे पोचवीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. तोच रोग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लहानपणी लपवून ठेवलेल्या पुस्तकाने सुरू झालेला प्रवास असा लेकरू पाठीवर घेऊन संपला.

नोकरीत असताना घाटापलीकडच्या खेड्यांतल्या बाया कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायला येत. शाईने माखलेला अंगठा पदराला पुसताना त्यांची नजर खाली जाई. पुढे बचत गट झाले, आणि त्याच बाया सही शिकून आल्या. एकेक अक्षर जुळवत सही करायला त्यांना पाच मिनिटे लागत, मागे रांग खोळंबे, पण अंगठ्याचे पॅड पुढे केले तर त्या ते बाजूला सारीत. तेव्हा मला सावित्रीबाईंच्या शाळेची आठवण होई, कवितेची होत नसे, कारण ती मी वाचलीच नव्हती.

यंदा ३ जानेवारीला नायगावला जाणाऱ्यांनी हार जरूर न्यावा. पण जाण्यापूर्वी ‘माझी जन्मभूमी’ एकदा मोठ्याने वाचावी, घरातल्या मुलीकडून वाचून घेतली तर आणखी चांगले. ती कविता ज्या गावावर लिहिली आहे तिथेच आपण चाललो आहोत, हे मग वाटेतच, खंबाटकी उतरताना, आपल्या लक्षात येईल.