डॉ. आनंदीबाई जोशी : प्रकृती आणि परिस्थिती

पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, आणि वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच क्षयाने मृत्यू पावलेली तरुणी, अशी आनंदीबाई जोशी यांची ओळख मराठी वाचकाला असते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की बलिदानाची कथा आपोआप तयार होते. चरित्रलेखनाला अशा कथेचा मोह पडतो. पण त्या कथेत मृत्यू हा दैवाचा आघात ठरतो आणि त्याची कारणे शोधण्याची गरज उरत नाही. प्रस्तुत पाठात आपण त्यांच्या प्रकृतीचा धागा धरून हे चरित्र पाहणार आहोत.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांच्या घरात 31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. ते बिजवर होते आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास होता. हा ध्यास उदार होता तसाच कठोरही होता. अभ्यासात हयगय झाली की ते तिला मारीत, आणि या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रव्यवहारात स्पष्टपणे केला आहे. ज्या हाताने अक्षर दिले त्याच हाताने मार दिला, हे लक्षात घेतल्याशिवाय या दांपत्याचे नाते समजत नाही. गोपाळरावांना केवळ थोर सुधारक किंवा केवळ विक्षिप्त पती ठरवणारी दोन्ही चित्रे म्हणूनच अपुरी वाटतात.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. स्त्रियांनी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे हे त्या काळी लज्जास्पद मानले जाई, स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच, आणि बाळंतपणाचा सारा भार सुईणीवर असे. शरीराची वाढ पुरी होण्याआधी आलेले मातृत्व आणि त्यानंतर न मिळालेले उपचार या दोन्ही गोष्टी एकाच समाजरचनेतून आलेल्या होत्या. वैद्यक शिकण्याचा आनंदीबाईंचा निश्चय या मृत्यूनंतर पक्का झाला. तो केवळ शोकाचा उद्गार नव्हता. उपचार उपलब्ध असूनही संकोचापायी स्त्रीपर्यंत पोहोचत नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने ओळखले होते.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हे कुटुंब अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि अखेरीस बंगालमध्ये गेले. 1880 मध्ये गोपाळरावांनी अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्नीच्या शिक्षणासाठी पत्र लिहिले. ख्रिस्ती होण्याची सूचना मात्र या दांपत्याने मानली नाही. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि त्यांचा आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. या टप्प्यावर अभ्यासकाने थोडे थांबावे. बंगालमधील या वर्षांतच आनंदीबाईंना डोकेदुखी, वरचेवर येणारा ताप, अशक्तपणा आणि धाप यांचा त्रास होत होता, इतका की कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. बाहेर मोकळेपणाने फिरावे तर पतीबरोबर रस्त्याने चालणारी स्त्री पाहून लोक टवाळी करीत. म्हणजे परदेशी जाण्यापूर्वीच प्रकृती खालावलेली होती. अमेरिकेने तिला मारले, हे लोकप्रिय विधान इथेच डळमळते.

1883 च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपल्या जाण्याची कारणे सांगितली. हिंदू स्त्रियांसाठी हिंदू स्त्री डॉक्टर हव्यात, मद्रासला सोय असली तरी तेथील शिक्षण अपुरे आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांचा आशय होता. समुद्रगमनाने धर्म बुडतो असे मानणाऱ्या समाजासमोर दिलेले हे वचन त्यांना फार महाग पडले. पण वचन दिले नसते तर जाण्याची वाट मोकळी झाली असती का, आणि परतल्यावर त्यांच्या हातचे औषध किती स्त्रियांनी घेतले असते, हेही विचारले पाहिजे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश आणि शिष्यवृत्ती दिली. इथे वचनाचा रोजचा अर्थ उलगडू लागला. शाकाहाराचे बंधन त्यांनी सोडले नाही. दिवसभराच्या अभ्यासानंतर स्वतःचे अन्न स्वतः शिजवायचे, आणि ते परक्या देशात मिळेल त्या साहित्यातून. नऊवारी लुगड्याने पाठ-पोट आणि पाय हिमाळ्यात पुरेसे झाकले जात नसत. काही काळानंतर त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली, कारण त्या पद्धतीत अंग अधिक झाकले जाई. आपल्या आचाराच्या चौकटीत राहून शरीर वाचवण्याची ही खटपट होती. राहत्या खोलीतील शेगडी नीट नव्हती. ती पेटवली तर धूर, विझवली तर गारठा.

क्षय मात्र गारठ्याने किंवा शाकाहाराने होत नाही. तो जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू बर्लिनमध्ये मार्च 1882 मध्ये जाहीर केला, म्हणजे आनंदीबाई निघाल्या त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. त्यावर परिणामकारक औषध यायला आणखी सहा दशके लागली. पण हा जंतू शरीरात दीर्घकाळ दबून राहू शकतो, आणि कुपोषण, अतिश्रम व सततचे अशक्तपण यांनी शरीराची प्रतिकारशक्ती खचली की तो उचल खातो. बालवयातील प्रसूतीपासून धुराच्या खोलीपर्यंत आपण जे पाहिले ते सारे या एका वाक्यात येऊन मिळते. आनंदीबाईंचा आहार ही त्यांची निवड होती हे खरे, पण कोणते पर्याय समोर असावेत हे समाजाने आधीच ठरवलेले होते.

त्यांच्या विचारांतही ही गुंतागुंत दिसते. अमेरिकेत बालविवाहाविषयी बोलताना त्यांनी त्या प्रथेची बाजू मांडली आणि श्रोत्यांना चकित केले. स्वतःच्या शरीराने जे सोसले त्याच्याशी ही भूमिका विसंगत वाटते. परक्या श्रोत्यांपुढे आपल्या समाजाची अब्रू राखण्याची धडपड त्यामागे असावी, असे आम्हांस वाटते. काही झाले तरी ही बाजू गाळून त्यांना निर्दोष सुधारक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ताप आणि खोकला अंगावर काढत त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली. समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदन कळवले. कोल्हापूर संस्थानने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. 1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या तेव्हा सर्वत्र स्वागत झाले, परंतु अंगात उभे राहण्याचेही त्राण नव्हते. कोल्हापूरचे पद त्यांना कधीच सांभाळता आले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

अमेरिकन लेखिका कॅरोलिन डॉल यांनी पुढच्याच वर्षी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी चरित्र लिहिले, आणि 1968 मध्ये श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ही कहाणी घरोघरी नेली. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.